वॉर्ड नंबर नऊचा ढग

माणसाला आनंद झाला तर त्यानं तो मातृभाषेत व्यक्त करावा आणि व्यक्त करून झाला की गुमान घरी जाऊन झोपावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. परक्या भाषेत आनंद व्यक्त केला तर काय होतं, हे लातूरच्या आनंदनगरात कुणालाही विचारा. फक्त माझ्या बायकोला विचारू नका.

त्या साली दुष्काळ होता आणि जिल्हा नवा होता. दोन्हींची आम्हाला अजून सवय व्हायची होती. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेब नवे. टेबलं-खुर्च्या तेवढ्या जुन्या, कारण त्या जुन्या जिल्ह्याकडून वाटणीत आलेल्या, आणि ती वाटणी अजून मिटली नव्हती. भाऊ वेगळे झाले की पितळी घंगाळावरून वर्षानुवर्षं धुसफूस चालते, तशी दोन जिल्ह्यांत एक जीप, काही टाइपरायटर आणि भिंतीवरचं एक घड्याळ यांवरून चालली होती. घड्याळ आमच्याकडे होतं, चावी त्यांच्याकडे.

पाण्याचं म्हणाल तर आनंदनगराला नळ होते. नळ सोडला की तो आधी खोकायचा, मग सुस्कारा टाकायचा आणि गप्प बसायचा. बायका तेलगिरणीमागच्या विहिरीवर जायच्या आणि सोल, म्हणजे विहिरीचा लांब दोर, टाकून घागरभर गढूळ पाणी ओढून आणायच्या. माझी बायको शिवकांता माहेरची अर्धापूरची. तिथं केळीच्या बागांना कॅनॉलचं पाणी. "आमच्या अर्धापूरला केळीच्या बुडाशी जेवढं पाणी सांडतं, तेवढ्यात तुमचं आनंदनगर आंघोळ करंल," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत होतो. त्या उन्हाळ्यात ते जेवणाच्या ताटाबरोबर वाढलं जाऊ लागलं.

अशात आमच्या सोसायटीचे चेअरमन शेषेराव यांनी खेटे घालून घालून टँकर मंजूर करून आणला. शेषेराव एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. गाडी वेळेवर न येणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? टँकर दिवसाआड यायचा ठरला आणि पहिल्या टँकरचं स्वागत करायला खुद्द टंचाईचे साहेब येणार, असं समजलं. साहेब उत्तरेकडचे, मराठी समजत नव्हतं. म्हणजे हिंदी उत्तम समजत होतं, पण हा मुद्दा तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही.

"सर," शेषेराव मला म्हणाले, "आभारप्रदर्शन तुमच्याकडं. इंग्रजीत झालं पायजे."

"मी भूगोलाचा शिक्षक आहे," मी म्हणालो.

"इंग्लंड भूगोलातच हाय की! दणकून इंग्रजी सोडा. समजलं न्हाई तरी चालतंय, पण वॉर्ड नऊचा दबदबा बसला पायजे. आठ नंबरवाल्यांनी मागल्या हप्त्यात मराठीत आभार मानले, तर त्यांच्या टँकरला गळका पाइप दिला."

माझं इंग्रजी ही स्वतंत्र हकिकत आहे. नांदेडला कॉलेजात असताना वजिराबादेतल्या एका भज्यांच्या गाड्यावरून मी एक इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक विकत घेतलं होतं. त्यातली राग, दुःख, विनंती आणि क्षमायाचना ही प्रकरणं माझ्या आधीच्या गिऱ्हाइकांना भज्यांबरोबर बांधून दिली गेली होती. उरलं होतं एकच प्रकरण: आनंद. ते मी तोंडपाठ केलं. त्यामुळे मला इंग्रजीत रागावता येत नाही, रडता येत नाही, कुणाला काही मागताही येत नाही. पण आनंद व्हायचा म्हटला तर माझ्यासारखा इंग्रजीत आनंदी होणारा माणूस मुदखेड जंक्शनपासून उदगीरपर्यंत सापडणार नाही.

भाषणाची तालीम मी शिवकांतासमोर केली. ती ज्वारी निवडत होती.

"वुई आर ऑन क्लाउड नाइन," मी हात पसरून म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हणजे आम्ही नवव्या ढगावर आहोत. म्हणजे फार आनंदात आहोत. आणि आपला वॉर्डही नऊच! कोटी लक्षात आली का?"

"आधीचे आठ ढग कुठंयत?"

मी पुढे गेलो. वुई आर इन सेव्हन्थ हेवन, म्हणजे सातव्या स्वर्गात आहोत. वुई आर वॉकिंग ऑन एअर, हवेवर चालत आहोत. वुई आर टिकल्ड पिंक, गुदगुल्या होऊन गुलाबी झालो आहोत. अँड वुई आर लाइक अ डॉग विथ टू टेल्स, दोन शेपट्या फुटलेल्या कुत्र्यासारखे आम्ही हरखलो आहोत.

शिवकांतानं सूप खाली ठेवलं. "एक टँकर पाण्यासाठी एवढं? थँक्यू म्हना अन् खाली बसा."

बायकांचं ऐकावं, असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ते तथ्य नेहमी कार्यक्रम झाल्यावर कळतं.

कार्यक्रम दणक्यात झाला. टँकरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, नारळाचं पाणी सांडलं म्हणून समोरच्या नागुबाई शेषेरावांवर ओरडल्या. नागुबाई म्हणजे आमच्या गल्लीचं पाणीखातं. रांग त्या लावणार, भांडणं त्या तोडणार, आणि कुणी रिकामी घागर ठेवून नंबर धरला तर ती घागर नालीत जाणार. मग मी उभा राहिलो आणि अख्खं प्रकरण साहेबांवर ओतलं. साहेब मनापासून हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, माझा हात हातात घेऊन "वंडरफुल" म्हणाले. दोन दिवस मी गल्लीतून जरा छाती काढूनच चाललो. कुणी विचारलं तर म्हणायचो, काही नाही, सुचलं ते बोललो.

पण कार्यक्रमाला साहेबांबरोबर नरसिंगराव नावाचे एक कारकून आले होते. देगलूरकडचे, अतिशय प्रामाणिक. कारभार मराठीत चालला पाहिजे असं फर्मान असल्यामुळे कार्यक्रमाचं इतिवृत्त त्यांनी मराठीत केलं. शब्दकोश घेऊन बसले आणि माझा एकही शब्द वाया जाऊ दिला नाही. त्याच्या प्रती सगळ्या खात्यांना गेल्या. जिल्हा नवा, खाती नवी. माणसं टेबलावर हात ठेवून कामाची वाट बघत बसलेली. त्यांना एकदम आनंदनगर सापडलं.

पहिले आले तलाठी किशनराव. दारात चपला काढून, टोपी हातात घेऊन, दुःखी चेहऱ्यानं उभे राहिले.

"लई वाईट झालं बगा सर. सात जण म्हंजी थोडं न्हाई."

"कोण सात?"

"सात इसम स्वर्गवासी. कागद आलाय की कचेरीतून. वारसांच्या नोंदी घ्यायच्यात. मयतांची नावं सांगता का?"

मी म्हणालो, इथं कुणी मेलेलं नाही. किशनराव म्हणाले, वरून कागद आलाय म्हणजे कुणीतरी मेलेलं असणार, नीट आठवून बघा. एवढ्यात शेषेराव बाहेर आले. त्यांना बघून किशनरावांनी विचारलं, "हे त्या सातातले का?" शेषेराव त्या दिवशी जेवले नाहीत.

मग आले जनावरांचे डॉक्टर, सोबत दोरी घेतलेला शिपाई. त्यांना दोन शेपट्यांचं कुत्रं हवं होतं. आमच्या गल्लीत एकच कुत्रं, त्याचं नाव बंड्या, आणि त्याची शेपूट लहानपणी एका सायकलीखाली जाऊन अर्धी राहिलेली. म्हणजे दोनाची मागणी आणि पुरवठा अर्धा. बंड्याला धरायला निम्मं आनंदनगर धावलं. शेवटी तो माझ्याच न्हाणीघरात शिरला आणि ज्या बादलीत शिवकांतानं आठवड्याचं पाणी राखून ठेवलं होतं ती बादली त्यानं लवंडली. भीक नको पण कुत्रं आवर ही म्हण मी मुलांना दरवर्षी सांगतो. तिचा अर्थ मला त्या दिवशी न्हाणीघराच्या दारात कळला. डॉक्टरांनी लिहून दिलं: शेपूट एक, तीही अपुरी.

आरोग्य खात्याची जीप आली ती गुलाबी माणसांसाठी. "गुदगुल्या कधीपासून होतायत?" असं एक नर्सबाई दारोदार विचारत फिरल्या. कुणालाच होत नव्हत्या. नागुबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नवरा जाऊन जमाना झाला माय, कोन करनार गुदगुल्या?" तरी खबरदारी म्हणून सगळ्यांच्या अंगाला कसलंसं औषध लावलं. ते मात्र गुलाबी होतं. संध्याकाळपर्यंत इतिवृत्त खरं ठरलं.

बांधकाम खात्यातून कुणीच आलं नाही. तिथून फक्त एवढं कळवलं, की वॉर्ड नऊचे रहिवासी हवेवरून चालत असल्यामुळे त्यांच्या रस्त्याचा विचार तूर्त पुढे ढकलला आहे.

इथपर्यंत मला हसू येत होतं, हे कबूल करतो. पण मग टँकर आला नाही.

आला नाही म्हणजे उशिरा आला असं नाही. घागरी, डबे, पातेली, एक जुना पाळणासुद्धा रांगेत लागला होता. उन्हं चढली, रांगेची सावली पायाखाली गेली, टँकर नाही. शेषेरावांनी सवयीप्रमाणे "मार्गात आहे" अशी घोषणा केली, पण त्यावर कुणाचा एस.टी.च्या काळातही विश्वास नव्हता. तिसऱ्या पाळीलाही टँकर चुकला, तेव्हा मी कचेरीत गेलो.

साहेब मसुरीला प्रशिक्षणाला गेले होते. त्यांच्या जागी एक प्रभारी साहेब बसले होते. चांगला माणूस होता. त्याची एकच अडचण होती, की तो फाइलीबाहेरचं काही बघत नसे. त्यांनी नरसिंगरावांना हाक मारली, फाइल मागवली आणि मला वाचून दाखवलं.

"वॉर्ड क्रमांक नऊ येथे ढग असल्याचे भूगोलतज्ज्ञ श्री. बसवंत सर यांनी जाहीर सभेत निदर्शनास आणले. आता बगा सर, टँकर कशाला असतो? पाऊस नाही म्हणून. ढग आहे तिथं टँकर दिला, तर उद्या मला कोण सोडंल?"

"अहो, ढग नाही तिथं. तो वाक्प्रचार आहे!"

"म्हणजे कुठल्या प्रकारचा ढग?"

मी नरसिंगरावांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "सर, मी एक शब्द सोडला नाही," ते म्हणाले. "बाकीचे लोक आभाराला दोन ओळी लिहितात. तुमचं भाषण इतकं आवडलं, की रात्रभर बसून पानभर केलं." अशा माणसावर रागवायचं कसं? आणि इंग्रजीत तर मला रागावताच येत नव्हतं.

प्रभारी साहेब म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ढग आहे. शास्त्रीय मत आहे ते. आता ढग नसल्याचा दाखला आणा, टँकर सोडतो."

ढग नसल्याचा दाखला कुठं मिळतो, हे कुणाला माहीत असल्यास कळवावं. नगरपालिकेत म्हणाले, आमच्याकडे जन्माचा मिळेल, मृत्यूचा मिळेल, मधल्या कशाचाच मिळत नाही. किशनराव तलाठी म्हणाले, "सातबाऱ्यावर पीक हाय, झाड हाय, विहीर हाय. ढगाला रकाना न्हाई सर. दारूबंदीचा दाखला देऊ का?" गल्लीत तर सल्ल्यांचा पूर आला; पाण्याचा सोडून बाकी सगळ्यांचा येतो. कुणी म्हणालं मंत्र्याला गाठा, कुणी म्हणालं ढग होता पण गेला असं लिहून द्या. शेषेराव म्हणाले, मसुरीला तार करा, इंग्रजीत.

पुन्हा इंग्रजी! पण दुसरं सुचत नव्हतं. तारेला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की दुःखाचं प्रकरण भज्यांबरोबर गेलेलं आहे. शेवटी आनंदालाच नकार जोडले: नॉट ऑन क्लाउड नाइन, नॉट ओव्हर द मून, टँकर स्टॉप्ड. म्हणजे नवव्या ढगावर नाही, चंद्राच्याही वर नाही. आता तार किती हातांतून गेली आणि माझा नकार कुठं सांडला, देव जाणे. उत्तर आलं: ग्लॅड यू आर ओव्हर द मून, रिगार्ड्स. साहेबांना बरं वाटलं होतं.

तार घेऊन घरी आलो तर शिवकांता पेटी भरत होती.

"कुठं?"

"अर्धापूरला. लेकरांना घेऊन."

"अगं, आणखी थोडे दिवस. मी खटपट करून राहिलोय ना."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तळव्यांवर सोलाचे वळ होते, एका ठिकाणी कातडं सोलून आत लाल झालं होतं. तेलगिरणीमागच्या विहिरीचं पाणी आणखी खाली गेलं होतं आणि दोरीला दोरी जोडावी लागत होती. "तुम्ही आनंद केलात," ती म्हणाली, "अन् त्याची सजा माझ्या हाताला. टँकर आला तर ऱ्हाते. न्हाई आला तर रविवारी जाते, अन् पाऊस पडल्याबिगर येत न्हाई."

मला लाज वाटली. यात गमतीचं काही नाही. माझ्या चार टाळ्यांसाठी अख्ख्या गल्लीतल्या बायका त्या सोलाला लटकल्या होत्या, आणि मी तारा करत हिंडत होतो. मी पेटीवर बसलो आणि म्हणालो, "रविवारच्या आत टँकर आणतो." मराठीत म्हणालो, त्यामुळे ते पाळणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रभारी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. "साहेब, दाखला मिळत नाही. तुम्ही स्वतः चला आणि आभाळाचा पंचनामा करा."

पंचनामा हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत बोललो होतो.

आभाळाचा पंचनामा शेषेरावांच्या गच्चीवर झाला, कारण जिना पूर्ण झालेली गच्ची तेवढीच होती. प्रभारी साहेबांना खुर्ची, वर छत्री. किशनराव मांडी घालून लिहायला बसले. पंच म्हणून शेषेराव आणि नागुबाई. नरसिंगराव इतिवृत्ताला. खाली गल्लीत सगळं आनंदनगर माना वर करून उभं. शिवकांता दारात उभी होती आणि तिच्यामागे ती पेटी दिसत होती.

"चतुःसीमा सांगा," किशनराव म्हणाले.

"कशाच्या?"

"आभाळाच्या की. कुठून कुठपर्यंत वॉर्ड नऊचं?"

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी लिहिलं: पूर्वेस तेलगिरणीचं धुराडं, उत्तरेस वॉर्ड आठचं आभाळ, दक्षिणेस नागुबाईंचं छप्पर, पश्चिमेस शेषेरावांचा टीव्हीचा अँटेना आणि त्यापलीकडे मोकळं सरकारी आभाळ. खोली किती, असं प्रभारी साहेबांनी विचारलं. मी भूगोलाचा शिक्षक म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, अमर्याद. किशनरावांनी लिहिलं, मोजता आली नाही.

"आता पंचांनी वर पाहावं आणि सत्य काय ते सांगावं."

शेषेरावांनी पाहिलं. "स्वच्छ हाय."

नागुबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि त्या पश्चिमेकडे वळल्या.

"बोला, बाई."

"त्ये काय वं तिकडं?" नागुबाई म्हणाल्या.

सगळ्या गल्लीनं पश्चिमेकडे पाहिलं. टीव्हीच्या अँटेनाच्या पलीकडे, सरकारी आभाळात, एक ढग होता. पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याएवढा. पांढरा, पोकळ, कामाचा ना धामाचा. सहा महिने ज्याची आम्ही वाट पाहिली, ज्याच्यासाठी बायकांनी नवस बोलले आणि पोरांनी धोंडी काढली, तो नेमका पंचनाम्याला हजर झाला होता आणि हळूहळू वॉर्ड नऊच्या हद्दीकडे सरकत होता.

किशनरावांची लेखणी थांबली. प्रभारी साहेब खुर्चीतून उठले.

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. खालून कुणीतरी ओरडलं, "हाकला त्याला!" आणि अख्खं आनंदनगर ढगाला हाकलायला लागलं. पोरं "हुर्र, हुर्र" करत होती. कुणी थाळी वाजवली. कुणी उपरणं गरगरा फिरवलं. शेषेरावांनी खिशातली जुनी शिट्टी काढून फुंकली आणि एस.टी. पुढे काढावी तसा हात केला. बंड्यासुद्धा आपली अर्धी शेपूट ताठ करून वर बघत भुंकत होता. नागुबाई गच्चीच्या कठड्याला टेकून पदर हलवत होत्या. "जा रं बापा, जा. आज नको येऊ. नंतर ये, पन आज जा."

ढग काही जाईना. नागुबाईंचा हात दमला. त्या तिथंच कठड्याखाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकलं. "जिंदगी गेली याला बोलावू बोलावू," त्या म्हणाल्या, "अन् आज याला हाकलून राहिले मी. काय दिवस आनलाव माझ्यावर."

खाली थाळी थांबली. ढग अँटेनाला येऊन टेकला.

"लिहावं लागंल सर," किशनराव हळूच म्हणाले. "माझ्याही घरी पानी न्हाई. पन दिसला तर लिहावं लागंल."

मी ढगाकडे पाहिलं. मग दारातल्या पेटीकडे पाहिलं. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं भूगोलानं हात दिला.

"साहेब," मी म्हणालो, "ढग दिसला, मान्य. पण हा आपल्या जिल्ह्याचा आहे कशावरून?"

"म्हणजे?"

"हा आला कुठून? पश्चिमेकडून. पश्चिमेला काय आहे? जुना जिल्हा. जिल्हा वेगळा झाला तेव्हा जीप वाटून आली, खुर्च्या वाटून आल्या. ढग वाटणीत आल्याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

प्रभारी साहेबांनी नरसिंगरावांकडे पाहिलं. नरसिंगरावांनी मान हलवली. ढगाचा कागद नव्हता.

"मग परक्या जिल्ह्याच्या ढगावर आपला टँकर कसा बंद करता येईल?"

साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्याला इंग्रजीत माझ्याकडे पाच वाक्प्रचार आहेत. मी एकही वापरणार नाही. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यापुढे असा प्रश्न ठेवला होता, जो दुसऱ्या कचेरीकडे पाठवता येत होता. "घ्या, किशनराव," ते म्हणाले. "सदर ढग हा मूळ जिल्ह्याच्या मालकीचा असून, वाटणीचा निर्णय प्रलंबित असताना तो आपल्या हद्दीत आला आहे. तो मूळ जिल्ह्यास परत करण्याबाबत पत्रव्यवहार करावा. दरम्यान वॉर्ड नऊ ढगविरहित समजून टँकर सुरू ठेवावा."

पंचांच्या सह्या झाल्या. नागुबाईंनी अंगठा उठवला आणि तो पदराला पुसत पुन्हा एकदा वर पाहिलं. तोवर ढग विरून गेला होता.

टँकर शनिवारी आला. हार नव्हता, नारळ नव्हता. शेषेराव "सर, दोन शब्द" म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात नागुबाईंनी त्यांच्या हातात बादली दिली. मी पहिली घागर भरून खांद्यावरून घरी आणली, अर्धी अंगावर सांडली. शिवकांता पेटीतली लुगडी काढून परत फडताळात ठेवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं.

"आता कसं वाटून राहिलंय?" तिनं विचारलं.

"पाणी आलं," मी म्हणालो.

"हां. त्या दिवशी एवढंच म्हनायचं होतं."

पुढे पावसाळा आला, पण नावालाच आला. एके दिवशी नरसिंगराव शाळेत मला शोधत आले. हातात एक कागद होता. जुन्या जिल्ह्याचं उत्तर आलं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर ते मोठ्यानं वाचायला घेतलं, म्हटलं, जरा करमणूक होईल.

"आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर ढग या कार्यालयास अद्याप प्राप्त झालेला नाही." सगळे हसले. मीही हसलो. "तरी तो असेल त्या स्थितीत तातडीने पाठविण्याची व्यवस्था व्हावी. येथे त्याची फार गरज आहे."

कुणी हसलं नाही. कुणीतरी खुर्ची सरकवून खिडकीशी गेलं. बाहेर आभाळ धुतल्यासारखं कोरं होतं. त्यांच्या बाजूचंही आणि आमच्याही.

"सर, उत्तर काय लिहू?" नरसिंगरावांनी विचारलं. "तुम्ही सांगाल ते लिहितो. एक शब्द सोडत नाही."

"लिहा," मी म्हणालो. "इथून निघालाय."